घणसोलीची खोली आणि घोडबंदरची सही

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ३३ वर्षांच्या, अविवाहित. ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला आई, धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासोबत वन बीएचकेत राहतात. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, २०१७ साली गेले. घर अजून त्यांच्याच नावावर आहे, मृत्युपत्र नाही. आईला वडिलांच्या पीएफची पेन्शन येते, ती दोन हजारांच्या आत. लेखिका रबाळ्याला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहेत. हातात ४६ हजार येतात, त्यातले २५ हजार घरात जातात. भावाच्या लग्नात बचत बरीच आटली, आता खात्यात १ लाख ४० हजार आहेत. लग्नानंतर बेडरूम भाऊ-भावजयीची झाली. लेखिका आणि आई बाहेरच्या खोलीत झोपतात, दहाला दिवा बंद होतो. फोनवर बोलायचं तर जिन्यात जावं लागतं. "मला कुणाचा राग नाही. मला फक्त एकदा दार आतून लावून घ्यायचंय," असं त्या लिहितात. घणसोलीला एक वन आरके बघून ठेवलंय : भाडं १३ हजार, डिपॉझिट ५० हजार. आईला विचारलं तर ती दोन दिवस नीट जेवली नाही. "लग्न करून जा, मग कुठेही राहा," हे तिचं म्हणणं. लेखिका विचारतात : आईला न दुखावता घर कसं सोडू? मी स्वार्थी आहे का?

ता. क. : भाऊ घोडबंदर रोडला टू बीएचके बुक करतोय. वडिलांचं घर विकून आणि ६० लाखांचं कर्ज काढून. त्याच्या एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज मिळत नाही, म्हणून बहिणीने सहकर्जदार व्हायचंय. फ्लॅट भाऊ-भावजयीच्या नावावर होईल. "बँकेसाठी फक्त एक सही आहे," असं तो म्हणतो.

---

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना दोन-तीनदा 'अगं' ओठांवर आलं, वयाने मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून. पण घरात तुम्हाला सगळे 'अगं'च म्हणत असणार. तेव्हा इथे 'तुम्ही'.

तुमचं पत्र दोन पानांचं आहे. त्यातलं दीड पान घणसोलीच्या खोलीने घेतलंय. खिडकी कुठे आहे, ओटा केवढा आहे, स्टेशन किती मिनिटांवर, सगळं लिहिलंय. आणि अगदी शेवटी, सहीच्याही खाली, तीन ओळींत ६० लाखांचं कर्ज. इतकी वर्षं पत्रं वाचून मला एक खोड लागली आहे. मी ताजा कलम आधी वाचते. ज्याचा विचार करायची भीती वाटते ते माणूस तिथे नेऊन ठेवतो. म्हणून मीही उत्तर खालून वर देणार आहे.

तर ती 'फक्त एक सही'. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळतात, पण घरच्या आकड्यांपुढे भल्याभल्यांचा कॅल्क्युलेटर बंद पडतो. ६० लाख, २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरा. हप्ता येतो महिना ५२ हजारांच्या आसपास, म्हणजे तुमच्या पूर्ण पगाराहून जास्त. वीस वर्षांत फेडायचे सव्वा कोट. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा तुम्ही ५३ वर्षांच्या असाल.

सहकर्जदार म्हणजे साक्षीदार नव्हे. बँकेच्या लेखी ते सगळं कर्ज तुमचंही आहे, अर्धं-पाव असा हिशोब तिथे नसतो. भावाची नोकरी गेली, तो आजारी पडला, किंवा नुसता दोन महिने विसरला, तरी फोन तुम्हाला येणार आणि डाग तुमच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, पडणार. पाच-सात वर्षांनी तुम्हाला स्वतःचं लहानसं घर घ्यावंसं वाटलं, तर बँक आधी हा हप्ता तुमच्या पगारातून वजा करून बघेल. आणि मग म्हणालात की माझं नाव काढा, तर ते तुमच्या किंवा भावाच्या हातात राहत नाही. उरलेल्या कर्जदाराची ऐपत पुरते अशी बँकेची खात्री पटली तरच ती सोडते. आज त्याची ऐपत पुरत नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.

बदल्यात काय मिळतं? मालकी नाही. ती नोंदणी केलेल्या करारात ज्याचं नाव आहे त्याची, हप्ता कुणीही भरो. प्राप्तिकरातली गृहकर्जाची सवलतसुद्धा कर्जदार असून मालकही असेल त्यालाच मिळते. थोडक्यात, जोखीम वीस वर्षांची आणि हातात भावाचं एक वाक्य : "एक खोली तुझी आणि आईची." उद्या घरात पाळणा हलला की ती खोली कुणाची होईल, हे तुम्हालाही माहीत आहे आणि भावालाही. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो २९-३० चा असेल, नवीन संसार आहे, ठाण्यात घरांचे भाव बघून कुणाचीही झोप उडेल. त्याने विचारलं, त्यात गैर काही नाही. तुम्ही 'नाही' म्हणालात तर त्यातही काही गैर नाही.

आता त्याच ताजा कलमातली दुसरी गोष्ट. ती तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलीत : वडिलांचं घर विकून. वडील मृत्युपत्र न करता गेले आहेत. हिंदू वारसा कायदा, १९५६ तुमच्या घराला लागू असेल, तर त्या घरात आई, तुम्ही आणि भाऊ असे तिघे समान वाटेकरी आहात. सोसायटीत नॉमिनी म्हणून कुणाचंही नाव असो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. घर विकायला तुमची सही लागेल, किंवा त्याआधी तुमच्याकडून आणि आईकडून हक्कसोडपत्र घेतलं जाईल. 'फॉर्मॅलिटी' या नावाखाली जे कागद येतात त्यात हा कागद नेहमी मधोमध असतो. न वाचता सही करू नका, आणि वाचूनही त्याच दिवशी करू नका. आधी एखाद्या वकिलाला दाखवा, पण भावाच्या किंवा बिल्डरच्या ओळखीच्या नव्हे, तुमच्या.

आणि हे तुमच्यापुरतं नाही. तुम्ही पत्रात पुन्हापुन्हा लिहिलंय की आईची काळजी वाटते. मग ती काळजी इथे करा. आज आईकडे दोन हजारांच्या आतली पेन्शन आणि त्या घरातला तिसरा हिस्सा एवढंच आहे. घर विकून नवीन फ्लॅट फक्त मुला-सुनेच्या नावावर झाला की तिच्याकडे पेन्शन उरते. आपण आणलेलं दूध-भाजी, आपण भरलेलं वीजबिल हे प्रेम झालं. म्हातारपणी डोक्यावरचं छप्पर कुणाच्या मर्जीवर असू नये, ही खरी तजवीज. भावाला घर विकायचंच असेल, तर आईच्या हिश्श्याएवढं तिचं नाव नव्या करारात असावं किंवा तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्या खात्यात जावेत, एवढं तुम्ही ठामपणे म्हणा. फ्लॅट बांधकाम चालू असलेला असेल तर आणखी एक प्रश्न विचारा : ताबा मिळेपर्यंत आईने राहायचं कुठे? हे कुणी अजून बोललेलं दिसत नाही.

एवढं झालं की मग घणसोली.

तुम्ही पत्रभर 'घर सोडणं' हा शब्द वापरलाय. मी तुमचे शब्द मोजत बसत नाही, पण हा डोळ्यांत भरला. भाऊ घोडबंदरला जातोय, ते 'घर घेणं'. तुम्ही घणसोलीला जाणार, ते 'घर सोडणं'. तुम्ही गेलात तर घर तिथेच राहतं. तो तर घर विकून निघालाय! ठाण्याहून घणसोली ट्रान्सहार्बरने वीसेक मिनिटं. रोज तुम्ही नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून रबाळ्याला जाताच, त्याच्यापुढचं स्टेशन. रोजच्या ऑफिसपेक्षा एक स्टेशन पुढे जाणं याला तुमच्या घरात दोन दिवसांचा उपास पडतो, आणि हे तुम्हालाही पटल्यासारखं झालंय.

माझं सांगते. १९९५ साली मी नौपाड्यातून कळव्याला एका खोलीत राहायला गेले. मधे फक्त खाडी. आई शेजारणींना सांगायची, "ती आता कळव्याला असते," ते अशा आवाजात की जणू मी कलकत्त्याला गेले. तेव्हा ठाण्याहून वाशीच्या नोकरीला जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलायची किंवा बसने हाडं खिळखिळी करून घ्यायची. ठाणे-वाशी लोकल २००४ ला आली. असो. तर त्या खोलीतल्या पहिल्या आठवड्यात मला कळलं की मला एका माणसाचा भात लावता येत नाही. पाच जणांच्या अंदाजाने हात आपोआप तांदळाच्या डब्यात जायचा. पंधरा दिवस मी फोडणीचा भात खाल्ला.

'लग्न करून जा' हे आईचं वाक्य मी फार मनावर घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. आपल्याकडे लग्न हा मुलीचा घर सोडल्याचा दाखला आहे. तो असला की कुणी काही विचारत नाही, अगदी ती दुबईला गेली तरी. तुम्हाला लग्न करायचं असेल तर जरूर करा. पण दाखल्यासाठी शाळा कुणी करत नाही.

आईच्या न जेवण्याचं मात्र मला वाटतं तुम्ही नीट वाचलेलं नाही. तुम्ही ते 'मी तिला दुखावलं' असं वाचलंत. मी दुसरं वाचते. मुलगा घर विकायचं म्हणतोय, नव्या घरात आपली जागा काय हे तिला ठाऊक नाही, आणि जी मुलगी रात्री शेजारी झोपते तीही जायचं म्हणतेय. ६२ व्या वर्षी जमीन हलल्यासारखं होणारच. तिच्या भीतीचं मूळ कदाचित घणसोलीत नसेलच, घोडबंदरला असेल. पण मुलाबद्दल बोलायची तिला सोय नाही, म्हणून सगळं तुमच्यावर निघतं. हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल. तिला विचारा. मात्र "मी जाऊ का?" असं नको. "आई, तुला कुठे राहायला आवडेल?" असं विचारा. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंय का, शंका आहे.

यातून एक वाट निघते, जी तुमच्या घरात कुणालाच सुचलेली दिसत नाही. भावाने आपल्या ऐपतीत बसेल असं घर घ्यावं, किंवा तूर्त भाड्याने राहावं, आणि वर्तकनगरचं घर विकूच नये. मग तिथे आई, तुम्ही आणि एक मोकळी बेडरूम. दार मिळालं, भाडं वाचलं, आईचं छप्परही शाबूत. मोहात पाडणारा पर्याय आहे, आणि कित्येक घरांत तोच बरा ठरतो. पण त्याची दुसरी बाजूही सांगते. तसं झालं की 'आईजवळ राहिलेली मुलगी' ही पाटी तुमच्यावर कायमची लागते. औषधं, डॉक्टर, गणपती, पाहुणे, रात्री दुखणारे गुडघे, सगळं तुमचं, आणि भाऊ रविवारी मिठाई घेऊन येणारा. तुम्हाला ते डोळे उघडे ठेवून हवं असेल तर उत्तमच. पण नुसतं भाडं वाचतं म्हणून त्यात शिरू नका. माझं मत विचाराल, तर आधी अकरा महिने घणसोलीला राहा. आईजवळ परत यायचं की नाही हे तिथून आल्यावर ठरवा. कधी गेलीच नाही ती परत कशी येणार?

'मी स्वार्थी आहे का?' या प्रश्नाला मी फार जागा देणार नाही. पगारातले निम्म्याहून जास्त घरात देणारी, भावाच्या लग्नात बचत रिकामी करणारी बाई हा प्रश्न विचारते, यातच उत्तर आलं. उलट एक टोचणारं विचारते, रागावू नका. आपल्यावाचून या घराचं चालणार नाही, हे वाटणं तुम्हाला कुठेतरी बरंही वाटतं का? मला वाटायचं. कळव्याला गेल्यावर महिनाभरात कळलं की वीजबिल धाकटा भाऊही भरू शकतो, तेव्हा सुटल्यासारखं वाटायच्या आधी चक्क अपमान वाटला होता. तुमचंही तसं होईल. मग एक करा. आईसाठी तुम्ही आठवड्याभरात जे-जे करता ते कागदावर लिहा. बीपीच्या गोळ्या, पासबुक, रिचार्ज, सोमवारी कौपिनेश्वराचं देऊळ, डोळ्यांचे डॉक्टर. त्यातलं कशासाठी रात्री त्याच खोलीत झोपावं लागतं? दोन-तीन गोष्टी निघतील. बाकीच्या घणसोलीहून होतात किंवा भावाला शिकवता येतात. भावाला म्हणतेय, भावजयीला नव्हे. आईच्या गोळ्यांचं जुनं प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचा नंबर त्याच्या फोनमध्ये हवा. एका मुलीच्या खांद्यावरचं ओझं काढून दुसऱ्या मुलीच्या खांद्यावर ठेवलं तर आपण काय मिळवलं?

आता पैशाचं, कारण खोली पत्रात फार सुंदर दिसते आणि पैसे त्यात कमी दिसतात. आत पाऊल ठेवण्याआधीच ५० हजार डिपॉझिट, १३ पहिलं भाडं, साधारण तेवढीच एजंटची दलाली, कराराचे दोनेक हजार, आणि गादी, शेगडी-सिलिंडर, बादल्या, सेकंडहँड फ्रिज असे पंचवीस. म्हणजे लाखाच्या वर गेलं, आणि तुमच्याकडे १ लाख ४० आहेत. उरलेल्या पस्तीस-चाळीस हजारांवर मी तरी पाठवणार नाही. किमान तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय किल्ली घेऊ नका. नाहीतर पहिल्या आजारपणात तुम्ही परत बाहेरच्या खोलीत, आणि मग सगळे म्हणतील, "बघ, सांगत होतो ना?"

म्हणून चार-पाच महिने थांबा, पण नुसतं थांबू नका. येत्या महिन्यापासून घरात २५ ऐवजी १८ हजार द्या, पुढच्या दोन महिन्यांत ते दहावर आणा. तसं आधी सांगा, गुपचूप कमी करू नका. घरात कमवता भाऊ आहे. हा बदल त्याच्या नव्या हप्त्यांच्या आधी झाला तर त्यालाही आपली ऐपत नेमकी किती ते कळेल, आणि ते कळणं त्याच्याच भल्याचं आहे. घणसोलीला गेल्यावर १३ भाडं, अडीच वीज-गॅस-नेट, सातेक किराणा आणि जेवण, प्रवास आणि किरकोळ मिळून चार, आईला दहा. साडेनऊ उरतात. त्यातून स्वतःचा आरोग्य विमा आधी काढा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. बाकीचे आरडीत. पगार ज्या खात्यात येतो त्याचं एटीएम कार्ड आणि पिन घरात कुणाकडे असेल तर ते आजच बदला. हे मी प्रत्येक पत्राला लिहिते आणि प्रत्येक वेळी कुणाचं तरी कार्ड भावाकडे निघतं.

मधल्या काळात पीजीत राहून बघावं का? ऐरोली-रबाळ्याला भरपूर आहेत आणि डिपॉझिट कमी लागतं. ज्यांच्याकडे साठवलेलं काहीच नाही त्यांनी जरूर बघावं. तुमच्याबाबतीत अडचण अशी की तुम्हाला दार हवंय, आणि पीजीतलं दार तिघींचं असतं.

खोली घेताना काय बघायचं ते सगळ्यांसाठीच लिहिते. घणसोलीत सेक्टरमधली इमारत आहे की गावठाणातली, ते विचारा. गावठाणात भाडी कमी असतात, माणसंही चांगली असतात, पण तिथल्या कित्येक इमारतींना परवानगी नसते आणि उद्या कारवाई आली तर डिपॉझिटसाठी मालकाच्या मागे धावावं लागतं. मोरबे धरणामुळे नवी मुंबईचं पाण्याच्या बाबतीत नाव आहे, तरी 'पाणी किती वाजता आणि किती वेळ' हे मालकाला न विचारता खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. खोली एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर बघा, स्टेशनपासून चालत. करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. "कशाला उगाच खर्च," असं म्हणणारा मालक भेटला तर त्याला सांगा की तुमच्या भाड्याला अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क चारशेच्या आत-बाहेर येतं आणि नोंदणी फी हजार. डिपॉझिट बँकेतून द्या. नोटीस किती दिवसांची, रंगकामाचे पैसे कापणार का, हे करारातच लिहून घ्या. किल्ली घेतल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, टाइलचा फोटो काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. एकटी बाई म्हटल्यावर सोसायटीतून किंवा एजंटकडून चौकश्या होतील : लग्न का नाही, कोण येणार-जाणार. "मी आणि माझी नोकरी" एवढंच उत्तर पुरतं. हसत द्या, आणि लांबवू नका.

आता सगळ्यात अवघड, सांगणं. तुम्ही आजवर 'विचारत' आलात. विचारलं की समोरच्याला 'नाही' म्हणायचा हक्क मिळतो, आणि मग ते मोडून जाणं हे बंड ठरतं. तुम्हाला बंड करायचं नाहीये, खोली घ्यायची आहे. म्हणून आईला तारखेसकट सांगा : "गणपती झाले की मी घणसोलीला राहायला जाणार आहे. शनिवारी रात्री येईन, रविवारी जेवून जाईन. तुझे दहा हजार एक तारखेला खात्यात येतील." ती रडेल. रडू द्या, जवळ बसा, पण तारीख बदलू नका. ती जेवली नाही तर ताट वाढून झाकून ठेवा आणि तुम्ही जेवा.

भावाला सहीचं वेगळं सांगा. आईसमोर नको, आणि खोलीचा विषय त्यात मुळीच काढू नका. मला भीती वाटते ती याचीच. "मी वेगळी राहणार, मला भाडं आहे, म्हणून सही जमणार नाही" असं म्हणून तुम्ही निसटायला बघाल. कारण दिलं की त्याच्यावर तोडगा निघतो. "भाडं मी भरतो, तू सही कर," असं तो म्हणाला तर? तेव्हा कारण नको, नुसतं वाक्य : "अरे, कर्जावर मी सही करणार नाही. बाबांच्या घराचं आईच्या हिश्श्यासकट बोलू, वकिलाकडे बसू. आणि तुझं घर झालं की फ्रिज माझ्याकडून." एवढंच. तो चिडेल, चार महिने नीट बोलणार नाही. भावजयीचाही चेहरा बदलेल. खोली मिळवण्यापेक्षा हे चार महिने काढणं कठीण आहे. घणसोलीला जाऊन वरून सहीही करून आलेल्या दोन बायका मला माहीत आहेत. दोघींच्या खोल्या गेल्या, हप्ते राहिले.

अशी पत्रं मला पुरुषांचीही येतात. त्यात भावाच्या जागी वडील असतात आणि फ्लॅटच्या जागी दुकान. 'फक्त एक सही' मात्र तीच असते, त्यांनीही वरचं वाचावं.

आणि दार. ते लावून घेतल्यावर काय करणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पहिला आठवडा झोपण्यात जाईल, तो जाऊ द्या. मग एखाद्या मंगळवारी रात्री आठला तुम्ही ऑफिसातून याल, खोली शांत असेल, आणि ज्या शांततेसाठी इतकं केलं ती अंगावर येईल. तेव्हा घाबरून आईला फोन लावू नका. नेहमीच्या वेळेलाच लावा. रबाळ्याच्या ऑफिसातली एखादी घणसोली-कोपरखैरण्याला राहत असेल तर आत्तापासून तिच्याबरोबर एक स्टेशन पुढे जाऊन चहा पिऊन या. काही शिकायचं राहिलं असेल, गाणं, पोहणं, सीएसएमटीच्या बाजूचा एखादा क्लास, जे काही, तर त्याचा वार खोली घ्यायच्या आधी ठरवा. पत्रात तुमच्या आवडीचं एकही वाक्य नाही हे मला खटकलं. तेवढ्या लहानशा घरात आवड कुठे ठेवणार म्हणा.

खोली मिळाली की पहिल्याच दिवशी कुलूप बदला, जुन्या भाडेकरूकडे एक किल्ली असतेच. नव्या कुलपाबरोबर तीन किल्ल्या येतात. एक तुमच्या पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. तिसरी आईला द्यायची की नाही, हे मात्र मला विचारू नका.